गच्चीवरच्या हिरव्या थैल्या

चीक शिजायला लागला की कौशल्याबाई कुणाच्याच हाकेला ओ देत नाहीत. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतल्या त्यांच्या गल्लीत हे लहान पोरांनाही ठाऊक आहे. भिजवलेला, वाटलेला, गाळून निवळत ठेवलेला गव्हाचा चीक उकळत्या पाण्यात पडला, की तो सारखा घोटावा लागतो. हात जरा थांबला की गाठी. गाठी झाल्या की साच्यातून कुरडई तुटत तुटत पडते, आणि मग वर्षभर तळताना प्रत्येक जण विचारतो, "यंदा कोनं केल्या होत्या वं?"

मे महिन्यातली ती सकाळही अशीच होती. मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर गंज, म्हणजे भलं मोठं उभं पातेलं, चढला होता. गल्लीतल्या आठ-दहा बाया जमल्या होत्या. कुणी साच्याला तेल लावत होती, कुणी गच्चीवर लुगडी अंथरून त्यांच्या कडांवर विटा ठेवत होती. ऊन तापायच्या आत पहिला घाणा गच्चीवर पडायला हवा होता. कौशल्याबाईंचं अंगण ऐसपैस आणि बोअरचं पाणी गोडं, म्हणून दरवर्षी साऱ्या गल्लीचा गहू त्यांच्याकडेच भिजतो. भिजलेल्या गव्हाचा आंबूस वासही मग साऱ्या गल्लीला पुरतो.

त्या वासावरूनच समोरच्या अनुपमाबाईंचं आणि त्यांचं बिनसलं होतं. अनुपमाबाई वकिलाच्या लेक, निवृत्त प्राध्यापक हरिहरपंतांच्या पत्नी. खिडकीतून एकदा म्हणाल्या होत्या, "कौशल्याबाई, माणसानं खिडकी उघडावी की नाही?" त्यावर कौशल्याबाईंनी "खिडकी तुमची आहे, वास गल्लीचा आहे," असं उत्तर दिलं होतं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

म्हणून पुढच्या दारावर थाप पडली तेव्हा साच्याला तेल लावणारी गोकुळाबाई हसून म्हणाली, "पाय वं आरती, अनुपमाबाई आल्या असतीन. नाक धरून."

सगळ्या हसल्या. कौशल्याबाईंची सून आरती दार उघडायला गेली आणि परत आली ती पांढरीफटक होऊन.

"आई, पोलीस आले."

गंजातला चीक रटरटत होता. कौशल्याबाईंचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा फिरायला लागला.

"इकडं ये. हा चाटू धर. एकाच दिशेनं फिरव. कोनी काईबी म्हनो, थांबू नोको."

"मले येत नाई आई, गाठी होतीन!"

"नाई होत. धर."

आरतीचं चीक घोटायचं ते पहिलंच वर्ष. पण चाटू तिच्या हातात देऊन कौशल्याबाई पदराला हात पुसत पुढच्या दाराशी गेल्या.

दारात खाकीतली एक तरुण मुलगी उभी होती. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं आचल वानखडे, उपनिरीक्षक. तिच्या बाजूला गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा दाबलेले हवालदार मनोज. मागे कृषी खात्याचे एक साहेब, रुमालानं नाक झाकून. आणि जीपला टेकून दोन अनोळखी माणसं.

"बाजूले व्हा बाई," मनोज उंबऱ्यात पाय टाकत म्हणाले. "घर पाहाचं आहे."

"पाहा नं. पन काहून?"

"थे समजन मंग."

कौशल्याबाई हलल्या नाहीत. अडवायला हातही आडवा धरला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांच्या वडिलांनी, सूर्यभानजींनी, बाळापूर तालुक्यातल्या गावात उभी हयात पोलीस पाटीलकी केली होती. गावात झडती आली की सूर्यभानजींना बोलावणं यायचं, आणि लहानगी कौशल्या त्यांच्या धोतराचा सोगा धरून मागे मागे जायची. कागद पाहिल्याशिवाय सूर्यभानजी कुणाच्या उंबऱ्यात पाऊल ठेवत नसत, साहेब कितीही मोठा असो. तसंच कागद पाहिल्यावर घरवाल्यानं कितीही आरडाओरडा केला तरी ऐकत नसत.

"कागद आनला का मॅडम?" त्यांनी थेट आचलला विचारलं.

"आणलाय." आचलनं फाईल उघडली. "न्यायालयाचं झडतीचं वॉरंट आहे."

"वाचून दाखवा. माह्या हाताले चीक लागला आहे."

मनोज हसले. आचल हसली नाही. तिनं वाचून दाखवलं. कौशल्याबाईंचे यजमान नत्थुजी यांचं नाव, घराचा पत्ता, आणि काय शोधायचं आहे ते: एका कंपनीचं नाव छापलेल्या थैल्या, त्यांत भरलेलं बोगस सोयाबीन बियाणं, थैल्या शिवायची मशीन. खाली दंडाधिकाऱ्यांची सही. आचलनं कागद पुढे करून शिक्काही दाखवला.

थैल्या हा शब्द कानावर पडला आणि कौशल्याबाईंच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला.

आपल्याकडे बियाण्याची रिकामी थैली कुणी फेकत नाही. जाड, चिवट, पावसाला न बधणारी. तिच्यात गहू राहतो, तूर राहते, पोराचे कपडे भरून ती हॉस्टेलला जाते, फाटली की ती पायपुसणं होते. यंदा गल्लीतल्या झाडून साऱ्या बायांनी आपापला गहू अशाच हिरव्या थैल्यांतून कौशल्याबाईंकडे पाठवला होता. गहू भिजत पडला, आणि धुळीच्या थैल्या परत कशा द्यायच्या म्हणून कौशल्याबाईंनी त्या स्वच्छ धुऊन गच्चीवर दोरीला ओळीनं वाळत घातल्या होत्या. कंपनीचं नाव रस्त्यावरून वाचता येईल अशा. संध्याकाळी ऑटोतून पोती उतरलेली कुणी पाहिली असणार, सकाळी धुतलेल्या थैल्या पाहिल्या असणार, आणि घर कुणाचं? बियाण्याच्या दुकानदाराचं.

त्यांच्या मुलानं, विपुलनं, स्टेशनच्या रस्त्याला कृषी केंद्र टाकून जेमतेम वर्ष होत होतं. पेरणी तोंडावर आलेली. शेतकरी बियाणं घेतो ते थैलीवरचं नाव पाहून कमी आणि देणाऱ्याचं तोंड पाहून जास्त. त्या तोंडाला एकदा बोगस हा शब्द चिकटला, की दुकानात मग नुसती उधारीवाली माशीही फिरकत नाही. परवाना जाईल न जाईल, नाव आज दुपारपर्यंत गेलं असतं.

"दार लावून घे न वं," गोकुळाबाई मागून कानाशी पुटपुटली. "विपुल येईपर्यंत उघडूच नोको."

"कागद आहे गोकुळा. कागद असला तं दार अडवता येत नाई. अडवलं तं थे तोडूनही आत येऊ शकते. मंग आत काही असो नाहीतं नसो, लोकाइले तुटलेलं दार दिसते."

तेवढ्यात आरतीनं एका हातानं लावलेला फोन कुणीतरी आणून दिला. पलीकडून विपुलचा आवाज फाटला होता. "आई, मी निंगालो! शटर पाडतो अन् येतो!"

"शटर पाडशीन तं पाय मोडीन तुहा," कौशल्याबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आज शटर खाली आलं तं थे वर जाईन का? गिऱ्हाइकाले बियानं दे. हसून दे. घरचं मी पाहातो."

त्यांनी फोन ठेवला आणि जीपजवळच्या दोघांकडे बोट दाखवलं. "हे कोन?"

"पंच आहेत," मनोज म्हणाले.

"कुठचे?"

"एक अकोल्याचा आहे, माह्या वळखीचा. एकाचा तिकडं चौकात पानठेला आहे. तुमाले कायले पाह्यजे?"

"मॅडम, माहे वडील पोलीस पाटील होते. थे म्हनत, पंच त्याच वस्तीतले पाह्यजे. इथं माह्या घरात दहा बाया आपापल्या गव्हाच्या कुरडया कराले हजर आहे. घ्या नं यातल्या दोघी!"

गोकुळाबाईनं लगेच पदर खोचला. पण आचलनं मान हलवली. "वस्तीतले पंच हवेत हे खरं आहे बाई, वस्तीतलं कुणी मिळालंच नाही तरच बाहेरचे घेतात. पण या नाही चालायच्या. यांचा सगळ्यांचा गहू तुमच्या घरात आहे ना? मग यांचा संबंध आला. पंच स्वतंत्र हवा. कोर्टात वकील पहिलं हेच विचारेल."

हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. गल्लीत असं घर कोणतं, ज्याचा गव्हाचा दाणाही आपल्याकडे नाही? त्यांनी मान वर केली. समोरच्या खिडकीचा पडदा हलला.

"अनुपमाबाई!" त्यांनी गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "जरा येता का? पंतायले बी आना."

"अगं, तिले काय बोलावतं?" गोकुळाबाई कळवळली. "थे तं वैरीन हाये आपली. तिनंच फोन केला असन!"

"म्हनूनच. आमचं पटत नाई हे साऱ्या बडनेऱ्याले माहीत आहे. ह्याहून स्वतंत्र पंच कुठं भेटन?"

अनुपमाबाई आल्या. पाठोपाठ चष्मा पुसत हरिहरपंत. अनुपमाबाईंनी सारं ऐकून घेतलं आणि उंबऱ्यातच सांगितलं, "एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. फोन मी केलेला नाही. मला तक्रार करायची असती तर मी वासाची केली असती."

"थे तं तुमी करताच," कौशल्याबाई म्हणाल्या.

"करतेच. आणि करणार." एवढं बोलून त्या आत आल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या.

"आता या आत," मनोज म्हणाले आणि पाऊल उचललं.

"थांबा सायेब. आदी तुमची झडती."

"काय?"

"झडती घेनाऱ्यानं आदी स्वतःची द्यावी लागते. आमच्या गावात तसंच होत होतं. मंग आत काही सापडलं तं थे आतलंच, बाहेरून आलं असं कोनाले म्हनता येत नाई."

मनोजनं आचलकडे पाहिलं. आचल म्हणाली, "बरोबर आहे. पंचनाम्यात लिहितोच आपण ते. मग करूनच लिहू." तिनं आपले खिसे उलटे केले. कृषीचे साहेब, हरिहरपंत, सगळ्यांनी केले. अनुपमाबाईंनी आपली बटव्यासारखी पर्स उघडून दाखवली. शेवटी मनोज. त्यांच्या खिशातून निघाल्या खर्र्याच्या पुड्या. एक, मग दुसरी, मग मागच्या खिशातून आणखी एक.

"हे जप्त करा मॅडम!" गोकुळाबाई ओरडली, आणि इतका वेळ दबलेल्या साऱ्या बाया खो खो हसल्या. मनोजही कानापर्यंत लाल होऊन हसले. त्या हसण्यानं घरातली हवा जरा सैल झाली.

आचलनं मोबाईल काढला. "आता झडतीचं चित्रीकरण करावं लागतं. नवा कायदा आहे."

हे मात्र सूर्यभानजींच्या काळात नव्हतं. "अगं बाई, मंग पदर तरी नीट करू द्या," म्हणत कौशल्याबाईंनी डोक्यावरून पदर घेतला.

झडती सुरू झाली. त्या प्रत्येक खोलीत बरोबर राहिल्या. कुठे हात घालायचा तिथे आधी स्वतः झाकण काढून बाजूला सरायच्या. कपाट झालं, दिवाण झाला, तुरीची कोठी झाली. देवघराशी आचलनं स्वतःहून बूट काढले. आरतीच्या कपाटातल्या साड्यांना मनोज हात लावणार तोच आचल म्हणाली, "ते मी पाहते." मागच्या अंगणातून मधूनमधून आरतीचा आवाज येत होता, "आई, घट्ट होऊन राह्यलं वो!" आणि कौशल्याबाई इथूनच ओरडायच्या, "होऊ दे! फिरव!"

मग गच्ची. हिरव्या थैल्या वाऱ्यावर फडफडत होत्या. कृषीच्या साहेबांनी एक उलटी केली, तिच्या शिवणीत बोट घातलं. बोटावर गव्हाचा भुसा. दुसरीतही तेच. तिसरी त्यांनी नाकाजवळ नेली आणि सटासट शिंकले. शिवायची मशीन नव्हती. शिलाई मशीन होती, आरतीची, तिच्यावर लेकराचं अर्धवट झबलं.

आणि मग जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मनोजला ती मिळाली. हिरवी थैली. भरलेली. त्यांनी तोंड सोडलं, मूठ भरून बाहेर काढली. सोयाबीन.

"हे घ्या मॅडम. सापडलं."

अनुपमाबाईंनी कौशल्याबाईंकडे पाहिलं. कौशल्याबाईंचा आवाज हलला नाही.

"थे माहं बियानं आहे. घरचं. गेल्या सालचं वावरातलं राखून ठेवलेलं. आमचे मालक चांदूर रेल्वेच्या वावरात आहे आता, नांगरटी चालू आहे. थे याच्यानंच पेरनार."

"सगळे असंच म्हनते बाई."

"आरती!" कौशल्याबाईंनी हाक मारली. "न्हानीजवळची गोनपाटाची गुंडाळी पाठव!"

एका बाईनं ओल्या गोणपाटाची गुंडाळी आणून दिली. कौशल्याबाईंनी ती जमिनीवर उलगडली. आत सोयाबीनचे दाणे ओळीत मांडलेले, आणि जवळजवळ प्रत्येकाला पांढरा, टवटवीत मोड. कृषीच्या साहेबांनी नाकावरचा रुमाल काढला. पहिल्यांदाच.

"ही उगवण चाचणी आहे," ते आचलला म्हणाले. "घरचं बी किती उगवतं ते पेरणीआधी असं पाहून घ्या, हे आम्हीच गावोगाव सांगत फिरतो. आणि थैलीचं तोंड पाहा. मशीनची शिवण नाही, सुतळी बांधली आहे. लेबल नाही. बोगस विकणारा लेबल सोडत नसतो."

"पन थैली तं कंपनीची आहे नं," मनोज हट्टानं म्हणाले. "कंपनीच्या थैलीत सोयाबीन मिळून आलं, एवढं लिहू. थैली घेऊन जाऊ. पुढचं पुढं."

तेव्हा अनुपमाबाई बोलल्या. आवाज न चढवता, वर्गात बोलल्यासारखं.

"हवालदारसाहेब, लिहायचं तर पूर्ण लिहा. थैली जुनी होती, तोंडाला सुतळी होती, लेबल नव्हतं, शेजारी उगवण चाचणी होती, गच्चीवरच्या थैल्यांत गव्हाचा भुसा होता. मी हे सगळं पाहिलं. यातलं अर्धंच लिहिणार असाल तर माझी सही मिळणार नाही. आणि न्यायालयात मला बोलावलंत तर का दिली नाही तेही सांगेन."

"मीसुद्धा," हरिहरपंत म्हणाले. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य.

आचलनं थैलीचं तोंड स्वतः पुन्हा सुतळीनं बांधलं. "पूर्णच लिहायचं, मनोजभाऊ. जप्त करण्यासारखं काही मिळून आलं नाही, हेही लिहा."

बैठकीत बसून पंचनामा लिहिला गेला. अनुपमाबाईंनी तो ओळीवर बोट ठेवून वाचला, एका जागी "दोरी" खोडून "सुतळी" करून घेतलं, मग सही केली. हरिहरपंतांनी केली. आचलनं एक प्रत कौशल्याबाईंच्या हातात दिली. "ही तुमची. जपून ठेवा."

एव्हाना शिजलेला चीक बायांनी गच्चीवर नेला होता. तेवढ्यात तिथून आरतीची किंकाळी आली. सगळे दचकले. मनोज तर जिन्याकडे धावलेच, मागोमाग बाकीचे.

"आई! पाहा वो! एकबी गाठ नाई!"

साच्यातून पहिली कुरडई पडली होती. पांढरीशुभ्र, अखंड, लुगड्यावर फुलासारखी. आरती घामानं निथळत होती आणि हसत होती, आणि भोवती साऱ्या बाया टाळ्या पिटत होत्या. कौशल्याबाईंचे डोळे तेव्हा मात्र भरून आले. त्यांनी गरम चिकाची एक वाटी भरली, वर तेलाची धार सोडली आणि सरळ अनुपमाबाईंपुढे धरली.

अनुपमाबाईंनी वाटीकडे पाहिलं. नाक किंचित आक्रसलं. मग एक घास घेतला.

"वास आणि चव यांचा काही संबंध नाही म्हणायचा," त्या म्हणाल्या आणि दुसरा घास घेतला. "उद्या माझाही थोडा गहू पाठवते."

"पाठवा नं. पन हिरव्या थैलीत नोका पाठवू!"

मनोजनं वाटीकडे आशेनं पाहिलं. आचल म्हणाली, "ड्यूटीवर आहोत," आणि ते बिचारे टोपी घालून निघाले.

बाहेर एव्हाना निम्मी वस्ती गोळा झाली होती. दूधवाला सायकल धरून उभा, पोरं भिंतीवर, समोरच्या गच्चीवर माणसं. दोघं-तिघं शेतकरीही होते, विपुलच्या दुकानाकडे निघालेले आणि जीप पाहून थांबलेले. सगळे दाराकडे पाहत होते. कौशल्याबाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यात सारं खरं लिहिलेलं होतं. पण हा कागद घेऊन त्या किती घरी जाणार होत्या?

उंबऱ्याशी आचल थांबली. "बाई, तुमचं काही म्हणणं आहे? झडतीबद्दल काही तक्रार?"

"तक्रार नाई मॅडम. तुमी कागद आनला, वाचून दाखवला, रीतीनं वागल्या. तुमचं काम तुमी केलं." कौशल्याबाईंनी पदर सावरला. "एकच मागनं आहे. तुमी आल्या तं साऱ्या गल्लीनं पाह्यलं. आता जीपमंदी बसाच्या आदी इथं दारात उभ्या राहा, अन् समद्याइले आयकू जाईन असं मोठ्यानं सांगा, की विपुलच्या घरी काहीच सापडलं नाई."